प्रीमियर पद्मिनी गाडीच्या सस्पेन्शनचे नट पुन्हा पुन्हा ढिले होतात? आणि हात पोचत नाही तिथे पाना कसा पोचवायचा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमची गाडी यात बसते की नाही ते लगेच कळेल.

स्पीडब्रेकरवरून अगदी हळू उतरलात की मागून एकदाच 'ठक' होतं. वेगात तोच रस्ता गेलात तर आवाज नाही. सिग्नलला थांबून पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की मागच्या सीटखाली कुणीतरी पेटीचं झाकण आपटल्यासारखं वाटतं, आणि ब्रेक दाबला की तेच पुन्हा. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर पुढून सुटी खडखड येते, डांबरावर बंद होते. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी ॲक्सिलरेटर दिल्यावर एका अंगाला आणि सोडल्यावर दुसऱ्या अंगाला किंचित सरकते. आणि सगळ्यात पक्कं लक्षण म्हणजे तुम्ही नट आवळता, दोन आठवडे शांतता असते, एखादी कोकण फेरी होते आणि पहिले पाढे पंचावन्न.

माझी गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी, थोरल्या काकांकडून आलेली. परळला चाळीच्या आवारात उभी असते. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कुणाची ना कुणाची स्कूटर, आणि खाली पेव्हर ब्लॉक. खड्डा नाही, लिफ्ट नाही. मी पेशाने मेकॅनिक नाही, पण हा एकच बिघाड माझ्या गाडीत चारदा आणि ओळखीच्यांच्या गाड्यांत त्याहून जास्त वेळा काढलाय. बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण निघालं. एक, नटापर्यंत पाना नीट पोचत नव्हता म्हणून तो 'झाला घट्ट' म्हणून सोडून दिलेला. दुसरं, चाक हवेत लटकत असताना आवळलेला. दुसरं कारण जास्त छुपं आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण मला ते कळायला तीन वर्षं लागली.

आता तपासण्या. ज्याला पैसा लागत नाही ते आधी.

डिकी रिकामी करा

हसू नका. जॅक, टॉमी, स्टेपनी, पाण्याचा कॅन, सगळं बाहेर काढा आणि त्याच स्पीडब्रेकरवरून गाडी न्या. मी एकदा दोन रविवार पाट्यांखाली (मागच्या लीफ स्प्रिंगखाली) पाठ टेकवून घालवले, आणि शेवटी स्टेपनीच्या मागे अडकलेला नारळ सापडला. गणपतीला गावाहून आणलेल्या पोत्यातून सुटलेला. ब्रेक मारला की पुढे, गिअर टाकला की मागे. लक्षण हुबेहूब ढिल्या यू-बोल्टचं, म्हणजे पाटे ॲक्सलला बांधून ठेवणाऱ्या यू आकाराच्या बोल्टचं.

आवाज गेला नाही तर सायलेन्सरचा पाईप हाताने हलवून बघा, अर्थात गाडी थंड असताना. त्याचं रबर तुटलं की पाईप पत्र्याला लागतो आणि अगदी असाच वाजतो. मग प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा दांडा. गाडी सपाट जागेवर, चाकांना पुढेमागे विटा लावलेल्या, गिअर न्यूट्रलमध्ये. बाजूने हात घालून शाफ्ट दोन्ही दिशांना पिळा. जोडाच्या दोन बाजू वेगवेगळ्या हलत असतील तर गिअर टाकताना येणारा 'ठक' तिथून येतोय, आणि तुम्ही सस्पेन्शनचे सगळे नट आवळून दमलात तरी तो जाणार नाही.

सुतळी आणि टेप

ही तपासणी फुकट आहे आणि फार कमी लोक करतात. स्टिअरिंग सरळ ठेवा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत सुतळी ताणा आणि ते अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. पद्मिनीत ते २३४० मिलिमीटर असतं. आकडा तंतोतंत जुळायची गरज नाही, दोन बाजू एकमेकींशी जुळायला हव्यात. तीन-चार मिलिमीटरचा फरक टेप धरण्यातलाही असू शकतो. एक सेंटिमीटर फरक आला तर मागचा ॲक्सल पाट्यावर सरकलाय.

का सरकतो? पाट्यांच्या मधोमध एक सेंटर बोल्ट असतो. त्याचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं. ॲक्सल जागेवर राहतो तो खरं तर यू-बोल्टच्या दाबाने. यू-बोल्ट ढिले झाले की सगळा धक्का त्या बिचाऱ्या सेंटर बोल्टवर येतो आणि एक दिवस तो कापला जातो. असं झालेलं असेल तर नट आवळणं म्हणजे वाकड्या दाराला कडी लावणं. पाटा खाली उतरवून सेंटर बोल्ट बदलावाच लागतो, आणि ते काम पाटेवाल्याचं. तिथेच थांबा.

हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊन नुसतं बघा

गाडी चाकांवर उभी असू द्या, जॅक नको. एक बॅटरी, एक छोटा आरसा आणि जुना टूथब्रश घ्या. बघायचंय ते असं: ज्या नटाच्या बुडाशी विटेच्या भुकटीसारखी लालसर पूड आहे, तो हलतोय. साधा गंज चिकटलेला असतो, खवल्यासारखा. ही पूड सुटी असते, बोटाला लागते, कारण दोन लोखंडं एकमेकांवर घासून ती पडलेली असते. नटाभोवती वायसरच्या आकाराचं चकचकीत कडं दिसलं तर तोही पुरावाच. आणि जिथे रंग, धूळ आणि तेल यांचा थर नटापासून खालच्या पत्र्यापर्यंत न तुटता गेलाय, तो नट वर्षानुवर्षं हललेला नाही. त्याला हात लावू नका. उगाच चाळा करून चांगला नट बिघडवण्यात मी पटाईत होतो, म्हणून सांगतो.

संशय असलेल्या प्रत्येक नटावर खूण करा. मी घरातली सुकायला आलेली नेलपॉलिश वापरतो. नटाच्या एका कोपऱ्यापासून बोल्टवरून खालच्या पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. "वाटतंय ढिला असेल" ही भानगडच संपते. शंभर किलोमीटर चालवून परत बघा.

रेघा शाबूत आहेत आणि आवाज मात्र आहे, तर नटांना सोडा आणि बुश (सांध्यातलं रबर) बघा. रबर बाहेर ओघळलंय का, एका बाजूला चेपून लोखंडाला लोखंड लागतंय का. माझ्या अनुभवात पुढची खडखड निम्म्या वेळा बुशचीच असते, किंवा शॉकअपच्या वरच्या रबराची.

चाक हलवून बघा

इथून पुढे जॅक लागतो, म्हणून एक गोष्ट आधी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं, हात, काहीही घालायचं नाही. घोडी (गाडीचं वजन पेलणारा लोखंडी स्टँड) लावायची, आणि चाळीच्या आवारात घोडीखाली जाड फळी टाकायची, कारण पेव्हर ब्लॉक पावसाळ्यानंतर आतून पोकळ झालेले असतात. मी एक घोडी माझ्या डोळ्यांदेखत दोन इंच खाली गेलेली पाहिलीय. गाडीखाली कुणी नव्हतं हे नशीब. काढलेलं चाकही आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवा. घोडी घसरलीच तर गाडी त्याच्यावर थांबते.

पुढचं चाक वरखाली धरून, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, हलवा. खेळ जाणवला तर घरातल्या कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग. तरीही राहिला तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती पिन) किंवा आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांचे, जोड. नऊ-तीनच्या जागी हलतंय आणि वरखाली नाही, तर बहुतेक स्टिअरिंगचे सांधे. यातलं काहीही नट आवळून बरं होत नाही. किंगपिन झिजली असेल तर ती बसवायला प्रेस आणि रीमर लागतो, तेव्हा काम बाहेर द्या.

इतकं करूनही बोट एखाद्या नटाकडेच जात असेल तर पाने काढा.

आधी आटे साफ, मग जोर

हा टप्पा लोक टाळतात आणि तिथेच फसतात. पान्यावर तुम्ही जो जोर लावता त्यातला साधारण निम्मा नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, चाळीसेक टक्के आट्यांमध्ये जातो, आणि बोल्टला ताण द्यायला उरतो जेमतेम दहा टक्के. जोड धरून ठेवतो तो हा ताण. आता आट्यांत गंज आणि चिखल असेल तर ते उरलेले दहा टक्केही तिथेच खपतात. हाताला नट गच्च लागतो, टॉर्क पाना (ठरवलेला पिळण्याचा जोर झाला की इशारा देणारा पाना) 'टक' करून आकडा पुरा झाल्याचं सांगतो, आणि आत बोल्ट अजून सैलच असतो. दोन आठवड्यांनी ढिल्या होणाऱ्या नटांपैकी कितीतरी असे असतात.

मुंबईच्या गाड्यांना हे जास्त भोवतं. वर्षातले चार महिने खालून पाणी, उरलेले आठ महिने खारी हवा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा काकांची ही गाडी किंग्ज सर्कलला सीटपर्यंत पाण्यात होती. इंजिन त्यांनी आठवड्यात चालू केलं. पाट्यांच्या यू-बोल्टमधला त्या दिवसाचा गाळ मी बऱ्याच वर्षांनी खरवडून काढला.

तारेचा ब्रश, मग पेनिट्रेटिंग तेल, आणि मग रात्रभर धीर. दुसऱ्या दिवशी परत एक फवारा आणि नटावर हातोडीचे हलके चार टोले, बाजूने. तेल आत झिरपतं ते या टोल्यांमुळे. नट आधी थोडा सैल करा, पाव फेरा मागे, पाव फेरा पुढे, असा आट्यांवर मोकळा खेळू द्या. ही सूट यू-बोल्ट आणि शॉकअपच्या नटांपुरती. पुढच्या खालच्या आर्मचे नट सैल करायच्या भानगडीत पडू नका, कारण शेवटी सांगतो. नट मोकळा झाला की शेवटच्या आवळणीआधी तेल पुसून काढा. मॅन्युअलने वेगळं सांगितलं नसेल तर त्यातला आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांचा समजायचा. तेलकट आट्यांवर तोच आकडा लावलात तर बोल्ट गरजेपेक्षा बराच जास्त ताणला जातो.

नायलॉनच्या कड्याचा नट असेल तर तो परत वापरू नका. एकदा काढला की त्याची पकड गेली. चपट्या झालेल्या स्प्रिंग वायसरचीही तीच गत. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात मूठभर घेतले तरी चहा-वडापावच्या पैशात मिळतात. मात्र बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ कोरलेलं आहे का बघून घ्या. कोरं डोकं सस्पेन्शनला नको.

हात पोचत नाही तिथे

पद्मिनीत मला छळणाऱ्या तीन जागा आहेत: मागच्या यू-बोल्टचे आतल्या बाजूचे नट, पुढच्या खालच्या आर्मचे आतले नट, आणि पुढच्या शॉकअपचा वरचा नट.

यू-बोल्टचं दुखणं असं की आट्यांचा बराच भाग नटाबाहेर आलेला असतो. साधी गोटी (सॉकेट) त्याच्यावर बसतच नाही, बोल्टचं टोक गोटीच्या तळाला टेकतं आणि नट अर्धाच पकडला जातो. मग जोर लावला की कोपरे गोल. इथे लांब गोटी लागते, आणि सहा कोनांची. बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटावर लवकर सटकते.

पण जागा अरुंद असेल तर हेच गणित उलटं होतं. सहा कोनांच्या रिंगला पुढचा कोपरा पकडायला साठ अंश फिरावं लागतं, बारा कोनांच्या रिंगला तीस. माझ्या गाडीत आतल्या नटाच्या शेजारून सायलेन्सरचा पाईप जातो आणि पाना मुश्किलीने चाळीस अंश हलतो. तिथे सहा कोनांची रिंग निरुपयोगी. म्हणून मी पहिली ढिलाई आणि शेवटची आवळणी लांब गोटीने करतो, आणि मधले फेरे बारा कोनांच्या, दोनदा वाकवलेल्या रिंग पान्याने. निव्वळ सपाट पाना असेल तर तो दर खेपेला उलटा करा. त्याचं तोंड पंधरा अंश तिरकं असतं ते त्याचसाठी. उलटल्यावर तेवढ्याच जागेत तो पुढचा कोपरा धरतो.

खालच्या आर्मचे आतले नट क्रॉसमेंबरच्या, म्हणजे गाडीखालच्या आडव्या तुळईच्या, कुशीत असतात. डोळ्याने दिसतो तेव्हा हात जात नाही, हात जातो तेव्हा दिसत नाही. तिथे काम आवळण्यापुरतंच, म्हणजे जागेवर बसलेल्या नटाला नेमका ताण द्यायचा. मी रॅचेटला (गोटी फिरवणाऱ्या मुठीला) लांब एक्स्टेन्शन लावतो आणि नटाच्या टोकाला वॉबल एक्स्टेन्शन, जे थोडं तिरकं होऊनही पकड सोडत नाही. युनिव्हर्सल जॉइंट टाळतो, जोर लावताना तो दुमडतो आणि पाना बोटांवर येतो. उलट बाजूला बोल्टचं डोकं फिरू नये म्हणून दुसरा पाना अडकवावा लागतो, आणि हे एकट्याने होत नाही. शेजारच्या खोलीतला कॉलेजचा मुलगा माझा डोकं-धरणारा आहे. पान्याला लाल चिंधी बांधून ठेवतो, म्हणजे काम संपल्यावर तो तिथेच विसरून गाडी सुरू करण्याचा प्रकार होत नाही. एकदा झालाय.

कुठेही नवा नट टोकावर चढवायचा असेल आणि बोट पोचत नसेल तर गोटीत कागदाचा बोळा किंवा थोडं ग्रीस घालून नट त्यात अडकवा. पहिले दोन आटे पाना न लावता नुसत्या एक्स्टेन्शनला बोटांनी फिरवूनच चढवायचे. वाकडा चढलेला नट बोटांना लगेच कळतो, रॅचेटला कळत नाही, तो आटे कापत पुढे जातो.

शॉकअपचा वरचा नट बॉनेट उघडून हाताशी येतो, पण फिरवला की आतला दांडाच सोबत फिरतो. दांड्याच्या टोकाला दोन बाजूंनी सपाट केलेलं असतं. तिथे छोटा पाना धरा आणि नट रिंगने फिरवा. पकड आवळून दांडा धरू नका. हा नट रबर फुगवून पिळून निघेपर्यंत आवळायचाही नसतो. रबर वायसरच्या कडेइतकं पसरलं की पुरे.

टॉर्क पाना जिथे सरळ बसत नाही तिथे क्रो-फूट लावतात, म्हणजे पान्याचं नुसतं तोंड जे टॉर्क पान्याच्या चौकोनात बसतं. ते पान्याशी काटकोनात लावलंत तर आकड्यात फरक पडत नाही. सरळ रेषेत लावलंत तर पाना लांब झाला, म्हणून आकडा कमी ठेवायचा. पाना ४०० मिलिमीटरचा आणि क्रो-फूटने ४० वाढले असतील, तर ६० न्यूटन-मीटरसाठी पाना ५४-५५ला लावा. हिशोब सोपा आहे: हवा तो आकडा गुणिले पान्याची लांबी, भागिले एकूण लांबी. कोणत्या नटाला किती टॉर्क हे गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या. मिळेपर्यंत अंदाज म्हणून सांगतो, ८.८ दर्जाच्या दहा मिलिमीटरच्या बोल्टला सर्वसाधारण तक्त्यात ४५ ते ५० न्यूटन-मीटर असतं. दोन हातांनी लांब पाइप घालून लटकलात तर त्याच्या दुप्पट सहज होतं.

गाडी जमिनीवर ठेवून शेवटची आवळणी

आता तो छुपा भाग. सस्पेन्शनचे बरेचसे सांधे रबरी बुशवर असतात. बुशची आतली नळी बोल्टच्या दाबाने चिमटली जाते आणि जागेवर पक्की होते. आर्म किंवा पाटा हलतो तेव्हा फिरतं ते मधलं रबर, पिळ खाऊन. म्हणजे ज्या स्थितीत तुम्ही नट आवळला ती त्या रबराची विसाव्याची जागा ठरली.

चाक लटकत असताना आवळलात तर रबराचा विसावा लटकत्या स्थितीत. गाडी खाली आणली की रबर कायमचं पिळलेलं. त्यावर खड्डा आला की आणखी पिळ. काही महिन्यांत रबर फाटतं, नळी बोल्टवर घासू लागते, जोड आडवा सरकू लागतो आणि नट सुटायला लागतो. हे आडवं सरकणंच खरं शत्रू आहे. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं की बोल्टला आडवे हादरे बसून जोड सरकू लागला की नट आपणहून उलटा फिरतो. लोकांना वाटतं हादऱ्यांनी नट ढिला झाला. आधी जोड सरकला, मग नट फिरला.

मला हे शिकवलं भायखळ्याच्या एका म्हाताऱ्या टॅक्सी मेकॅनिकने. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो. त्याआधी मी एका चकचकीत गॅरेजात पुढचे बुश नवे घालून घेतले होते. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, हवेच्या गनने 'ट्रर्र' करून पाच मिनिटांत काम तमाम. चौथ्या महिन्यात खडखड परत. मी मामांना म्हटलं, "मामा, बुश डुप्लिकेट दिले वाटतं." त्यांनी फाटलेलं रबर अंगठ्याने फिरवून बघितलं आणि म्हणाले, "बुश चांगला होता रे. गाडी हवेत उभी करतोस का तू रोज? मग हवेत कशाला आवळली?"

तर जिथे जिथे रबरी बुश आहे, म्हणजे आर्मचे आतले सांधे आणि पाट्याचे डोळे (टोकांची गोल भोकं), तिथे नट जॅकवर असताना फक्त बेताचा बसवायचा. शेवटची आवळणी गाडीचं वजन चारही चाकांवर असताना. खड्डा नसेल तर दोन-दोन जाड फळ्या एकमेकींवर खिळ्यांनी ठोकून पायऱ्या करा आणि गाडी त्यांच्यावर चढवा. चाकं दाबलेली राहतात आणि खाली थोडी जास्त जागा मिळते. पुढची चाकं पायरीवर, मागच्या चाकांना विटा, हँडब्रेक ओढलेला. गाडी चढवल्यावर बंपर दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे स्प्रिंग आपल्या जागी बसते. मग टॉर्क पाना.

यू-बोल्टला रबराचा प्रश्न नाही, पण तेही मी चाकांवरच आवळतो. चार नट एकदम पुरे आवळायचे नाहीत. कोपऱ्याला कोपरा, तिरके, तीन खेपांत थोडे थोडे. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर नटांखालची पट्टी तिरकी बसते आणि पहिल्या खड्ड्यात सरळ होते, म्हणजे ढिली होते. पट्टीखाली नवा जाड रंग असेल तर खरवडून काढा. रंग दाबाखाली चेपतो आणि तेवढीच ढिलाई तयार होते. पन्नास आणि मग तीनशे-चारशे किलोमीटरला पुन्हा टॉर्क बघा. पाटे आपसात बसतात, त्यामुळे पहिल्या खेपेला थोडा फेरा मिळणं साहजिक आहे. तिसऱ्या खेपेलाही मिळत असेल तर यू-बोल्ट ताणले गेलेत, नवे घाला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाडीचे सुटे भाग मिळतात आणि मीही तिथून काय काय आणलंय, पण यू-बोल्ट जुने घेऊ नका. आणि वेल्डिंगवाल्याकडून सळई तापवून वाकवून तर मुळीच नाही.

इथे थांबा

नट आवळताना जोर वाढत होता आणि अचानक पाना लोण्यासारखा फिरायला लागला, जोर वाढेना, तर हात काढा. बोल्ट ताणून लांब होतोय किंवा आटे जाताहेत. आणखी पाव फेऱ्यात तो तुटेल, आणि त्याचा अर्धा तुकडा आत राहील.

पुढच्या खालच्या आर्मचा बोल्ट काढायची वेळ आली तर ते घरी करू नका. कॉइल स्प्रिंग त्या आर्मवर दाबून बसवलेली असते. आर्म सुटला की ती गोळीसारखी बाहेर येते. त्याला स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि ते रोज वापरणारा माणूस लागतो.

नटाभोवतीच्या पत्र्यात किंवा क्रॉसमेंबरमध्ये चीर दिसली, किंवा स्क्रूड्रायव्हरचं टोक टोचल्यावर गंज चुरमुऱ्यासारखा फुटला, तर गाडी चालवतही नेऊ नका, टो करून न्या. जिथे नट बसतो ती जागाच कुजली असेल तर टॉर्कला काही अर्थ नाही.

तेल आणि दोन दिवस देऊनही नट हलत नसेल तर पुढचा उपाय आग किंवा कटर. मागच्या ॲक्सलजवळ ब्रेकचा पाइप आणि पेट्रोलची टाकी असते, पुढे ब्रेकचे रबरी होज. चाळीच्या आवारात गॅसकटर पेटवायचा नाही. आणि पुढच्या आर्मच्या कुठल्याही नटाला हात लावला असेल तर नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर दोन महिन्यांत टायरच्या आतल्या कडा खाल्लेल्या दिसतील.

३० ऑक्टोबर २०२३पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवर नाहीत, आणि त्यांच्यावर हात बसलेले मेकॅनिकही एकेक करून कमी होताहेत. म्हणून काम देताना फक्त "खडखड येते" म्हणू नका. नेलपॉलिशची कुठली रेघ तुटली ते दाखवा, दोन्ही बाजूंचं सुतळीचं माप सांगा, आणि शेवटची आवळणी गाडी खाली आणल्यावर करायची हे आधीच बोलून घ्या. मग जॅक खाली येईपर्यंत तिथेच उभे राहा. चहा नंतर.